घडी घालता येणारा हात

आम्ही नववी-दहावीच्या सहा मुली. आज शाळेतून थेट स्टुडिओत आलोय, त्यामुळे कोणाच्या हाताला ग्रीसचा वास येत असेल तर तो रेडिओवर कळणार नाही, हे बरं.

आम्ही बोलणार आहोत आमच्या रोबोटच्या हाताबद्दल. स्पर्धेचं नाव फर्स्ट टेक चॅलेंज. डीन केमन या अमेरिकन संशोधकाने १९८९ मध्ये सुरू केलेल्या संस्थेची ही स्पर्धा, आता भारतातही खेळली जाते. दरवर्षी खेळ नवा असतो. २०२२-२३ च्या खेळात प्लास्टिकचे शंकू उचलून खांबांवर अडकवायचे होते. सगळ्यात उंच खांब साडेतेहतीस इंच, म्हणजे ८५ सेंटिमीटर. आणि सामना सुरू होताना अख्खा रोबोट १८ इंची चौकोनी खोक्यात बसला पाहिजे. १८ इंच म्हणजे ४६ सेंटिमीटरसुद्धा नाहीत.

आता सांगा, ४६ च्या खोक्यातून ८५ च्या वर हात कसा काढायचा? शंकूचा तळ खांबाच्या वर जायला हवा, म्हणजे पकड आणखी वर, साधारण ९७ सेंटिमीटरला. आमचा खांदा होता ३८ सेंटिमीटर उंचीवर. तिथून हात जवळजवळ ६० सेंटिमीटर वर चढायला हवा. अखंड पट्टी खोक्यात मावेना. मग एकीला आजीची घडीची विळी आठवली. ३८ सेंटिमीटरचे दोन तुकडे, मध्ये कोपर. मिटला की अर्धा, उघडला की ७६. बऱ्याच संघांनी ड्रॉवरसारख्या सरकत्या पट्ट्या लावल्या होत्या. त्या छान चालतात, पण आमच्या खर्चात बसत नव्हत्या.

इथपर्यंत आम्ही खूश होतो. गणितही केलं होतं. शंकू आणि पकड मिळून अर्धा किलो, ७६ सेंटिमीटरवर. अर्धा गुणिले ७६, म्हणजे ३८ किलो-सेंटिमीटर इतका पीळ खांद्यावर. मोटार २४ ची, गिअर लावून दुप्पट केली तर ४८. अडतीसला अठ्ठेचाळीस पुरतात, असं आम्ही फळ्यावर लिहून खाली दोन रेघाही मारल्या.

पहिल्या चाचणीत हात सरळ पुढे केला, शंकू धरला, उचलायला सांगितलं. हात आडवा होईपर्यंत आला आणि थांबला. आम्ही बटण सोडलं नाही, वाटलं, येईल. चार-पाच सेकंदांत जळका वास. मोटार अडकून पडली की ती सगळ्यात जास्त वीज खेचते, आणि फिरत नसल्यामुळे त्या सगळ्या विजेची उष्णता होते. मोटार गेली. शिल्लक एकच होती, आणि स्पर्धेला नऊ दिवस.

चूक फळ्यावरच होती. हाताचं स्वतःचं वजन आम्ही धरलंच नव्हतं. पट्ट्या आणि कोपरावर बसवलेली दुसरी मोटार मिळून ७०० ग्रॅम, त्याचा मध्य ३८ सेंटिमीटरवर, म्हणजे आणखी सत्तावीस. एकूण पासष्ट. भरलेली पिशवी हात लांब करून धरली की खांदा का भरून येतो, तेच हे.

उत्तर एकीच्या आईने दिलं, तेही सहज. ती म्हणाली, "हंडा कोणी लांबून उचलतं का गं? आधी कमरेशी घ्यायचा, मग वर." आम्ही तसंच केलं. रोबोट शंकूच्या अगदी जवळ नेला, कोपर मिटलेलं ठेवून शंकू धरला, आधी दंड उभा केला, मग कोपर वर उघडलं, आणि शेवटी हात खांबाकडे झुकवला. आता लांब हात कधी आडवा होतच नाही. वजन खांद्यापासून जास्तीत जास्त ४७ सेंटिमीटर दूर जातं.

कोपरावरची मोटार काढून खाली रोबोटच्या अंगावर बसवली आणि साखळीने कोपर फिरवलं. हाताचं वजन ३०० ग्रॅमवर आलं. पीळ उरला एकतीसच्या आसपास. गिअरही पाचपट केला, म्हणजे ताकद १२०. त्यातला चौथा हिस्साच वापरायचा. हात हळू झाला, पण वास येणं बंद झालं.

साखळीने मात्र एक गंमत केली. दंड उचलला की कोपर आपोआप उघडायचं! आम्ही दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. चूक नव्हतीच. दोन्हीकडे सारखी चाकं असली आणि खालची मोटार स्थिर धरली, की पुढचा हात आपली दिशा सोडत नाही. दंड फिरला तरी तो आडवाच्या आडवा. म्हणून दंड जेवढा फिरेल तेवढीच कोपराची मोटारही फिरवायची, तेव्हा घडी घडी राहते.

आणखी आधार म्हणून रबर लावले. टेबलावरचा वाकणारा दिवा बघितलाय ना, कुठेही सोडला तरी तिथेच थांबणारा? जॉर्ज कारवर्डीन या इंग्रज अभियंत्याने १९३२ मध्ये स्प्रिंगा लावून तो केला. आम्ही स्प्रिंगेऐवजी रबर ताणले, ते दंडाला वर ओढतात. पहिल्यांदा इतके घट्ट लावले की मोटार बंद असताना हात उसळला आणि एकीच्या मनगटावर लागला. चार दिवस हात सुजला होता. तेव्हापासून रोबोट बंद केला की आधी खुंटी घालायची. खुंटीशिवाय कोणी कोपराजवळ बोट नेलं तर बाकीच्या पाच जणी ओरडतात.

कोपराचे नट-बोल्टही दर सामन्यानंतर तपासायचो. एक अंशाची ढिलाई असली तरी ३८ सेंटिमीटरवर टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त हलतं, आणि शंकू खांबाला लागून खाली.

स्पर्धेत सामना अडीच मिनिटांचा, पहिली तीस सेकंद रोबोट आपला आपण चालतो. तिसऱ्या सामन्यात एक रबर तुटला. आम्ही श्वास रोखून बघत होतो. हात रोजच्यापेक्षा सावकाश चढला, पण चढला. शंकू खांबावर बसला. मोटारीला हात लावून पाहिला, कोमट होती.