विचारांच्या दारावरचा पहारा

वसईतील अनेक ख्रिस्ती घरांत संध्याकाळी सगळे मिळून रोझरी म्हणतात. गोव्यात यालाच ‘तेर्स’ म्हणतात. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली इतरांनी पुरी करायची आणि माळेचा मणी पुढे सरकवायचा. या वीसेक मिनिटांत अनेकांचे मन निवते. त्याचे एक कारण श्वासात आहे.

इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींना हीच प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. प्रार्थनेच्या लयीत हे प्रमाण ६च्या आसपास आले. रक्तदाबानुसार हृदयाचे ठोके कमी-जास्त करणारी शरीराची यंत्रणाही अधिक तत्पर झाली. योगमंत्राच्या जपानेही तेच घडले. मात्र हा अभ्यास छोटा होता. त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करू नये.

विचार येणारच

श्वास संथ झाला तरी विचार थांबत नाहीत. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यात राग, लोभ, गर्व यांच्याबरोबर खिन्नताही होती. विचार येणे आपल्या हाती नाही, त्याला थारा द्यायचा की नाही हे आपल्या हाती आहे, अशी त्याची शिकवण होती. आलेला विचार ओळखायचा, त्याच्याशी हुज्जत न घालता पुन्हा प्रार्थनेकडे वळायचे, हाच या परंपरेतला मनावरचा पहारा.

विचार दडपणे वेगळे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनिअल वेग्नर यांनी १९८७ मध्ये काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले. ते अस्वल पुनःपुन्हा त्यांच्या मनात डोकावत राहिले!

पहारा आजार होतो तेव्हा

काहींच्या मनात प्रार्थनेच्या वेळीच देवाविषयी अभद्र किंवा अश्लील विचार घुसतात. हे पाप झाले, या धास्तीने ते तीच प्रार्थना पुनःपुन्हा म्हणतात, वारंवार पापकबुली देतात. थोडा वेळ बरे वाटते, मग शंका परतते. हा मंत्रचळाचा, म्हणजेच ओसीडीचा, एक प्रकार असू शकतो. ही श्रद्धेतली उणीव नव्हे.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांना १५२२ मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे अशाच शंकांनी ग्रासले होते. आत्महत्येचे विचार येण्यापर्यंत मजल गेली. जुन्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही, असा निश्चय केल्यावर ते त्यातून सुटले. आजची वर्तनोपचार पद्धतीही हेच शिकवते: शंका आली तरी खात्री करून घेण्याची कृती टाळायची. जोडीला औषधेही उपयोगी पडतात.

म्हणून प्रार्थनेनंतर मन हलके होत असेल, तर ती जरूर चालू ठेवावी. पण तिचीच धास्ती वाटू लागली, झोप उडाली, दोन आठवडे उदासी हटली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. गोळी घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही. उलट, प्रार्थनेत पुन्हा मन रमू लागते.