आलेख वर गेला, पगार गेला का?

माझा मावसभाऊ भिवंडीच्या एका गोदामात कंत्राटदारामार्फत पॅकिंगचं काम करतो. दिवाळीत घरी आला होता, तेव्हा माझ्या लॅपटॉपवर अमेरिकेतल्या गोदाम उद्योगाचा एक आलेख उघडा होता. रेघ बघून म्हणाला, "तिकडे मजा आहे राव, पगार बघ कसे वाढलेत!" मी 'तसं नसतं' म्हणालो खरा, पण नीट सांगता येईना. म्हणून ही पोस्ट.

तो आलेख तिथल्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सचा. उद्योग 'गोदाम व साठवणूक', वर्गीकरण क्रमांक 493. आकडा 'श्रम-मोबदला', 2017 ला 100 धरून काढलेला. हा मोबदला म्हणजे अख्ख्या उद्योगानं कामगारांवर केलेला एकूण खर्च. त्यात वेतन आणि बोनस आले, शिवाय आरोग्य विमा, पेन्शन, सामाजिक सुरक्षा यांतला मालकाचा वाटाही आला.

'एकूण' हा शब्द इथे घोळ घालतो. समजा, 100 कामगार रोज 500 रुपयांवर आहेत. खर्च 50,000. पुढे कामगार 300 झाले, रोज तोच. खर्च दीड लाख, म्हणजे निर्देशांक 100 वरून 300. एकाचाही पगार एक रुपयाने वाढलेला नाही! आणि अमेरिकेत नेमकी माणसंच वाढली. 2010 च्या सुमारास या उद्योगात साडेसहा लाखांच्या आसपास नोकऱ्या होत्या, ऑनलाइन खरेदीच्या लाटेत 2022 मध्ये त्या 19 लाखांच्या घरात गेल्या. शिवाय हा आकडा चालू डॉलरमधला, महागाई वजा न केलेला. जून 2022 मध्ये तिथे वार्षिक महागाई 9.1 टक्के होती.

मग सरासरी काढली की झालं? तिथेही फसायला होतं. 600 रुपये रोजाच्या 100 जणांना 630 मिळू लागले आणि 500 वर 100 नवे आले, तर सरासरी 565. जुन्यांना वाढ मिळाली, नव्यांचं काही कमी झालं नाही, तरी सरासरी घसरली. (हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं.)

दर खरंच वाढले नाहीत असं नाही. अमेरिकेचं संघीय किमान वेतन 2009 पासून ताशी 7.25 डॉलरवर अडकलंय. ॲमेझॉननं मात्र नोव्हेंबर 2018 पासून तिथल्या कामगारांना किमान 15 डॉलर दिले. पण त्याच वेळी तासावर काम करणाऱ्यांचा मासिक बोनस आणि शेअर देणं बंद केलं. ताशी दराचा आलेख काढला तर फक्त वाढ दिसते. मोबदल्याचा काढला तर वजाबाकीही येते. म्हणून मला हा किचकट आकडा आवडतो.

हे सगळं ऐकून भावानं स्वतःची पावती काढली. त्यात पीएफची कपात होती. मालकाचा वाटा कुठे जातो, त्याला माहीत नव्हतं. आम्ही यूएएन टाकून पासबुक उघडलं. कपात दर महिन्याला, भरणा मात्र सात महिने शून्य. त्याचाही नाही, मालकाचाही नाही. कंत्राटी कामगारांच्या पीएफची जबाबदारी कायद्यानं मूळ मालकावरही असते. तक्रार ऑनलाइन केली आहे. त्याचं म्हणणं, नाव कळलं तर उद्या गेटवर उभं करणार नाहीत.