मरणोत्तर निवड : टॉम क्रू यांच्या ‘द न्यू लाइफ’मधील इतिहास आणि कल्पित

ऐतिहासिक कादंबरीकाराने इतिहासातील तपशील बदलावेत काय, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. मात्र तपशील बदलणारा लेखक स्वतःच इतिहासाचा अभ्यासक असेल, तर या प्रश्नाचे स्वरूप पालटते. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश इतिहासावर केंब्रिज विद्यापीठात पीएच.डी. करून कादंबरीलेखनाकडे वळलेले टॉम क्रू यांची ‘द न्यू लाइफ’ (२०२३) ही पहिली कादंबरी या दृष्टीने विचारार्ह आहे.

कादंबरीचा ऐतिहासिक आधार असा : साहित्यसमीक्षक जॉन ॲडिंग्टन सिमंड्स आणि हॅवलॉक एलिस यांनी समलिंगी आकर्षणाविषयी एक ग्रंथ संयुक्तपणे लिहावयास घेतला. पुरुषांमधील समलिंगी वर्तन, ते खाजगीत घडलेले असले तरी, १८८५ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र ठरविले होते. सिमंड्स १८९३ मध्ये निवर्तले. १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड यांना याच कायद्याखाली शिक्षा झाली. १८९७ मध्ये ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा सिमंड्स यांच्या वाङ्मयीन विश्वस्ताने तिच्या प्रती विकत घेतल्या आणि पुढे ग्रंथावरून सिमंड्स यांचे नाव वगळले गेले. १८९८ मध्ये ग्रंथविक्रीवरून खटला झाला. परंतु आरोपीने गुन्हा कबूल केल्याने ग्रंथाची बाजू न्यायालयापुढे मांडलीच गेली नाही.

क्रू यांनी केलेला बदल नेमका येथे आहे. त्यांचा नायक जॉन ॲडिंग्टन १८९३ नंतरही जिवंत राहतो आणि वाइल्ड-खटल्याच्या छायेत ग्रंथावर स्वतःचे नाव ठेवावे की नाही, याचा निर्णय त्याला स्वतःलाच करावा लागतो. मृत्यूने व विश्वस्ताने हिरावलेली निवड कादंबरीकार त्याला परत देतो. काय घडले, हे कागदपत्रे सांगतात. माणसाने काय निवडले असते, हे ती सांगू शकत नाहीत.

तथापि ही कादंबरी नायकाचे उदात्तीकरण करीत नाही. त्याच्या सत्यनिष्ठेची किंमत पत्नी कॅथरीन आणि मुली यांनाही मोजावी लागते. एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या अप्रतिष्ठेवर उभे राहू शकते काय, असा पेच त्यातून निर्माण होतो. येथील कालविपर्यास हा प्रमाद नव्हे. इतिहासाला विचारता न आलेला प्रश्न विचारण्याचे ते साधन आहे.