गर्भपातजन्य मातृमृत्यु आणि जुने कागद

जुन्या कागदांच्या अभ्यासकांस एक गोष्ट पदोपदीं जाणवते, ती ही कीं, पुरुष कशानें मेला हें कागद पुष्कळदां सांगतो. स्त्री कशानें मेली हें क्वचितच सांगतो. लढाईंत पडला, देवी येऊन वारला, अशा नोंदी वतनाच्या व वारसाच्या कज्जांतून मिळतात. स्त्रियांच्या बाबतींत ‘निवर्तली’ एवढ्या एका शब्दावर काम भागतें. त्यांतून गर्भ पाडतांना मरण आलें असेल, तर तें झांकण्यांत माहेर, सासर, सुईण आणि औषध देणारा या सर्वांचेंच हित असे. ‘बदअंमल’ या सदराखालीं पेशवाईंत दंड वसूल होत, त्यामुळें व्यभिचाराचा कागद झाला. परंतु त्याच प्रकरणांतून उद्भवलेला मृत्यु ज्वराच्या किंवा पोटशुळाच्या नांवावर गेला असल्यास त्याचा कागद व्हावा कसा? गर्भपात दप्तरांत शिरतो तो बहुधा फसल्यावर. हा नियम ध्यानांत ठेवून पुढील साधनाकडे पाहावें.

तें साधन म्हणजे ज्योतीराव फुले यांचें ता. ४ डिसेंबर १८८४ चें अभिप्रायपत्र. बेहरामजी मलबारी यांनीं त्या वर्षीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर दोन टिपणें काढून लोकांचीं मतें मागविलीं. वैधव्यावरील टिपणास फुले यांनीं इंग्रजींत जो अभिप्राय दिला, त्यांत काशीबाई नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेची हकीकत आहे. ती फुले यांचे स्नेही गोवंडे यांचे घरीं स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्र्यानें तिला नादीं लाविलें. गर्भ राहिल्यावर त्याच्याच आग्रहावरून तिनें तो पाडण्याचा प्रयत्न केला. तो साधला नाहीं. नऊ महिने भरून मुलगा झाला, तेव्हां लोकलाजेस्तव तिनें त्यास मारून घरामागील विहिरींत टाकिलें. पुण्याच्या सेशन कोर्टांत खटला होऊन तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्यास शिक्षा झाल्याचें या हकीकतींत नाहीं.

या प्रकरणावरून फुले यांनीं आपल्या घराच्या आवारांत विधवांनीं गुप्तपणें बाळंत होण्याची सोय केली व तशा जाहिराती ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्यांवर लाविल्या. हें बालहत्याप्रतिबंधक गृह १८६३ सालचें समजतात. बोरघाटाची चढण आगगाडीनें ओलांडिली तेंहि हेंच वर्ष, हा योगायोग आम्हां मावळकरांच्या सहज ध्यानीं येतो.

आतां त्या पत्रांतील आंकडे पाहूं. १८८४ पर्यंत ३५ गर्भवती विधवा तेथें येऊन प्रसूत झाल्या. त्यांच्या मुलांपैकीं ५ जिवंत होतीं व ३० मेलीं. मृत्यूचें कारण फुले असें देतात कीं, गर्भ लपविण्यासाठीं मातांनीं जीं विषारी औषधें घेतलीं असावीं, त्यांनीं पोटांतच इजा झाली. हें त्यांचें अनुमान आहे, वैद्याची तपासणी नव्हे; आणि आईच्या दुधावांचून वाढविलेलीं मुलें त्या काळीं एरवींहि फार मरत. म्हणून तीसच्या तीस मृत्यु औषधाच्या माथीं मारतां येणार नाहींत. परंतु या बायकांस जवळून पाहिलेल्या गृहस्थानें औषधपान हें जवळजवळ ठरलेलेंच धरावें, ही साक्ष लहान नाहीं. शिवाय हे ३५ आंकडे औषध अंगीं लागूनहि ज्या जगल्या त्यांचे आहेत. ज्या घरच्या माजघरांतच संपल्या त्या गंज पेठेंतील त्या दारापर्यंत पोंचल्याच नाहींत. मातांच्या मृत्यूचा शोध या पत्रांत घ्यावयाचा तो असा मुलांच्या मृत्यूवरून, पलीकडून घ्यावा लागतो.

औषधें कोणतीं, याचा पुरावा न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत आहे. मुंबई सरकारचे रसायनपरीक्षक डॉ. लायन यांचा या विषयावरील ग्रंथ १८८९ सालीं निघाला. अशा कामीं वापरल्या जाणाऱ्या दाहक वनस्पतींत चित्रक प्रसिद्ध आहे. मरण येई तें बहुतेक तीन वाटांनीं: न थांबणारा रक्तस्राव, गर्भाशयास इजा होऊन त्यांत पू होणें व तें विष सर्वांगांत भिनणें, आणि धनुर्वात. दुसऱ्या वाटेनें आलेलें मरण कित्येक दिवसांनीं, तापानें येई. म्हणूनच ‘ज्वर’ ही नोंद संशयास्पद ठरते. मृत गर्भ पोटांत राहिल्यास क्षणभरहि उपेक्षा करूं नये, तो मातेचा घात करितो, असें सुश्रुत बजावतो. म्हणजे धोका अज्ञात नव्हता. चवथ्या महिन्यापर्यंत स्राव व पांचव्या-सहाव्यांत पात, हा भेदहि त्याचाच.

कायद्यानें हा गुप्तपणा कमी केला नाहीं. १८६० चें पिनल कोड ता. १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आलें. त्याच्या ३१२ व्या कलमान्वयें गर्भ पाडणारी स्त्री स्वतःहि गुन्हेगार ठरे. ३१४ व्यान्वयें ती मेल्यास पाडणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद होती. मरणोन्मुख बाईसाठीं डॉक्टर बोलावणें म्हणजे कबुली देणेंच होय! १८८१ मधील सुरतेच्या विजयालक्ष्मीच्या खटल्यानें गवगवा झाला व १८८२ त ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ निघाली. तथापि तोहि खटला बालहत्येचा होता. पोटांतल्या पोटांत मेलेलीचा खटला कोण चालविणार?

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालीं १९६४ त समिती नेमली गेली. १९७१ चा गर्भपातविषयक कायदा ता. १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. तरीहि २००१ ते २००३ या काळांतील सरकारी पाहणींत भारतांतील मातृमृत्यूंपैकीं सुमारें ८ टक्के गर्भपाताचे आढळले. ही टक्केवारीहि कमीच असण्याचा संभव आहे, कारण झांकण्याची संवय कायदा बदलल्यानें जात नाहीं.

राहतां राहिलीं आमच्याकडील वैद्यकी बाडें. त्यांत चित्रक दिसतांच गर्भपाताचा पुरावा मिळाला असें मानणें चुकीचें. चित्रक हें अग्निमांद्यावरील नित्याचें औषध आहे. पांढरा चित्रक सह्याद्रीच्या रानांत सांपडतो, तांबडा बहुधा परसांत लाविलेला असतो. बाडांत कोणता लिहिला आहे हें प्रथम पाहावें. ‘नष्टार्तव’ हें सदर अधिक विचार करण्याजोगें आहे. विटाळ बंद झाल्यास सुश्रुत मासे, हुलगे, तीळ, उडीद असा साधा आहार सांगतो. त्याच सदराखालीं एखाद्या बाडांत जहाल दाहक मुळ्या येत असतील, तर त्या पानाचा हेतु निराळा असावा. अक्षर, शाई, समासांतील खुणा व शेजारच्या नोंदींच्या मित्या यांची नकल मजकुराबरोबरच करावी. लोणावळें, खंडाळें, वडगांव, तळेगांव दाभाडे या टापूंत ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील, त्यांनीं घराण्याच्या अब्रूच्या भीतीनें हीं पानें काढून टाकूं नयेत. घराण्याचें नांव वगळून नकल मंडळाकडे पाठविली तरी चालेल. मिती मात्र वगळूं नये.