क्विंटल मोजायचे की माणसं?
ताटामागचं शास्त्र : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण हेक्टरी उत्पादनाच्या आकड्यापाशी थांबलो होतो. हरितक्रांतीपासून शेतीचं यश याच एका मापाने मोजलं जातं. आज ज्या संशोधकांचं काम पाहायचं आहे, त्यांनी नेमकं या मापावरच बोट ठेवलं.

रूथ डेफ्रीज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या. उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून जंगल कुठे तुटलं, शेत कुठवर सरकलं, याचा हिशेब मांडणं हे त्यांचं मूळ काम. २००७ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. भारत त्यांना परका नाही. पवईच्या आयआयटीत त्यांनी शिकवलं आहे आणि कान्हाच्या आसपासच्या मध्य भारतात त्या बरीच वर्षं काम करत आहेत. जंगलाच्या कडेने चालता चालता त्या शेताकडे वळल्या आणि शेतातून ताटाकडे.

२०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक वेगळं माप सुचवलं. एका हेक्टरात वर्षाला जे पिकतं, त्यातून किती प्रौढ माणसांची एखाद्या पोषक घटकाची वर्षभराची पूर्ण गरज भागेल? म्हणजे धान्य क्विंटलांत न मोजता माणसांत मोजायचं.

हे हिशेबाने पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा, एका हेक्टरातून २५ क्विंटल पॉलिश तांदूळ हाती आला आणि दुसऱ्या हेक्टरातून १२ क्विंटल बाजरी. क्विंटल मोजले तर बाजरी निम्म्याहूनही खाली. उष्मांक मोजले तरी तेच : भाताचं रान साधारण १२ जणांचं वर्षभराचं पोट भरेल, बाजरीचं सहाजणांचंही जेमतेम. आता लोह मोजा. शंभर ग्रॅम पॉलिश तांदळात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही, बाजरीत सहाच्या वर असतं. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं असं धरलं, तर भाताचं हेक्टर दीड बाईला पुरतं आणि बाजरीचं सातजणींना. पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात उतरत नाही, हे खरं. बाजरीतले फायटेट त्याला अडवतात. पण हा फरक इतका मोठा आहे की तेवढ्याने तो पुसला जात नाही.

मग भात काढून टाकायचा का? असं कुणी केलं तर देश उपाशी राहील, आणि डेफ्रीज तसं म्हणतही नाहीत. त्यांचे सहकारी काईल डेव्हिस यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अट आधीच घातली होती : एकूण उष्मांक घटता कामा नयेत आणि लागवडीखालची जमीन वाढता कामा नये. या अटीत राहून खरिपात भाताखालचं थोडं क्षेत्र ज्वारी, बाजरी, नाचणी, मका यांना दिलं तर काय होईल? वेगवेगळे पर्याय मांडून उत्तर आलं ते असं : लोह ५ ते ४९ टक्के जास्त, सिंचनाचं पाणी ३ ते २१ टक्के कमी, हरितगृह वायू २ ते १३ टक्के कमी. उष्मांक न घटता हे जमतं, कारण काही जिल्ह्यांत या धान्यांचं उत्पादन भाताच्या तोडीस तोड आहे. देशाच्या सरासरीत ते जिल्हे दिसत नाहीत.

मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो याच गटाचा दुसरा अभ्यास. १९६६ ते २०११ या काळातल्या जिल्हावार नोंदी घेऊन त्यांनी पाहिलं की पाऊस आणि तापमान लहरी झालं की कुठलं पीक किती डगमगतं. भात जास्त डगमगला, भरड धान्यांनी तग धरली. कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगायला कोलंबियातून कुणी यायला नको होतं, असं म्हणता येईल. पण धोरण ठरतं ते आकड्यांवर, बांधावरच्या बोलण्यावर नाही. चांगल्या वर्षी कोण जास्त देतो आणि वाईट वर्षी कोण कमी बुडवतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण पहिलाच विचारत आलो.

एक त्रुटी मात्र आपल्या नजरेतून सुटू नये. २०१९चा हिशेब खरिपाचा आहे. सोलापूरकडची मालदांडी ज्वारी रब्बीची. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते आणि माणसाला भाकरी देऊन वर जनावराला कडबा देते. तिचा विचार यात नाही, आणि कडब्याचा तर कुठल्याच तक्त्यात नसतो.

दुसरी गोष्ट भावाची. २०२३-२४च्या खरिपात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,१८० रुपये होता, साध्या भाताचा २,१८३. कागदावर ज्वारी वरचढ. पण सरकारी खरेदी मुख्यतः भात आणि गव्हाची होते. ज्वारीवाल्याला हजार रुपये जास्तीचा भाव दिसतो, घेणारा दिसत नाही. २०१८ साली ‘भरड धान्य’ हे नाव बदलून ‘पौष्टिक तृणधान्य’ झालं, २०२३ हे या तृणधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्षही साजरं झालं. बारशाने पोट भरत नाही. खरेदी वाढली आणि ते धान्य रेशनवर नियमित आलं, तरच शेतकरी पेरेल.

पुढच्या आठवड्यात कडधान्यांकडे वळू. तोवर एक विनंती. वर सांगितलेल्या १९६६ ते २०११च्या नोंदींत आपला १९७२चा दुष्काळही येतो. तो आठवणारं कुणी घरात असेल, तर त्या साली रानात काय तगलं होतं आणि ताटात काय होतं, हे त्यांना विचारून दोन ओळी लिहून पाठवा.