‘सेल्फ गेला’ म्हणण्याआधी

थंडीतली सकाळ. साताऱ्यातल्या एखाद्या सोसायटीच्या आवारात एमएच-११ची जुनी मारुती ८०० दवाने ओली होऊन उभी असते. मालक चावी फिरवतो, बॉनेटखालून ‘टक’ एवढंच उत्तर येतं. पुन्हा चावी, पुन्हा ‘टक’. तोवर वरच्या गॅलरीतून निदान खाली आलेलं असतं: “सेल्फ गेला हो!” दूध घेऊन परतणारे शेजारी मान डोलावतात. दुपारपर्यंत सेल्फ उतरवून गॅरेजच्या फळीवर पडतो आणि त्याच्या जागी दुसरा बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ‘टक’.

स्टार्टर मोटरला सातारा-सांगलीकडे कुणी स्टार्टर म्हणत नाही; तो सेल्फ. गाडी चालू करायची म्हणजे सेल्फ मारायचा. ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दाचा मागचा डबा कधीतरी सुटला आणि इंजिन तेवढं राहिलं. त्या शब्दात एक जुना फरक जपलेला आहे. सेल्फ नव्हता तेव्हा हॅण्डल होतं. नंतरच्या अ‍ॅम्बॅसडर आणि जुन्या जीपलाही, सेल्फ रुसला की, पुढून लोखंडी हॅण्डल घालून फिरवावं लागे, आणि जुने ड्रायव्हर नव्या क्लीनरला पहिला धडा अंगठ्याचा देत: मूठ आवळताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. इंजिनाने उलटा झटका दिला तर हॅण्डल हातातून सुटलं पाहिजे; अंगठा पलीकडून गुंडाळलेला असला तर हात जायचा.

हॅण्डलचा रोजचा जाच संपवणारा विजेचा सेल्फ १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये आला. तो बनवणारे चार्ल्स केटरिंग त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवत होते. त्या कामातली युक्ती त्यांनी इथे वापरली. गल्ला क्षणभरच उघडायचा असतो, म्हणून लहानशा मोटरवर क्षणभर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला तरी चालतं. सेल्फही त्याच जातीचा. तो अंगापेक्षा मोठं काम करतो, पण काही सेकंदच. त्यामुळे ‘दाबून धरा, घेईल’ हा सल्ला सेल्फच्या जिवावर उठतो. दहा सेकंदांत इंजिनाने घेतलं नाही तर चावी सोडायची, अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा. मिनिटभर रेटत राहिलं की आतलं तांबं तापतं, वार्निश जळतं आणि तोवर ठणठणीत असलेला सेल्फ खरोखर जातो.

आता त्या ‘टक’कडे वळू. सेल्फच्या पाठीवर एक छोटा दंडगोल असतो, सोलेनॉइड. चावी फिरवली की तो एका दमात दोन कामं करतो: दातेरी पिनियन पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो आणि जाड तांब्याचे संपर्क जोडून मोटरला वीज देतो. बॅटरी उतरलेली असेल तर इथे गंमत होते. संपर्क जुळताक्षणी मोटर बॅटरीतली सगळी वीज ओढू पाहते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइडची पकड सुटते. पकड सुटली की व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. ऐकणाऱ्याला टकटकटकटक असा शिवणयंत्रासारखा आवाज येतो. म्हणजे हा भराभर वाजणारा आवाज बहुतेक वेळा बॅटरीची किंवा ढिल्या टर्मिनलची तक्रार असते. बदली मात्र सेल्फची होते.

“पण हॉर्न वाजतोय, लाइट लागतायत, मग बॅटरी कशी उतरली?” हा प्रश्न प्रत्येक गॅरेजात रोज विचारला जातो आणि विचारणारा तो उत्तर असल्यासारखा विचारतो. हिशेब साधा आहे. दोन्ही हेडलाइट मिळून दहाएक अँपिअर घेतात. सेल्फला इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर लागतात, डिझेल जीपला त्याहूनही जास्त. हॉर्न वाजवून बॅटरी तपासणं म्हणजे पाटी उचलता आली म्हणून पोतं उचलता येईल असं धरून चालणं.

हेडलाइटचा खरा उपयोग वेगळाच आहे, आणि तो फुकटचा आहे. अंधारात गाडी भिंतीसमोर लावायची, हेडलाइट लावायचे आणि भिंतीकडे बघत सेल्फ मारायचा. उजेड एकदम विझला तर बॅटरीचं टर्मिनल ढिलं किंवा गंजलेलं. उजेड पिवळा पडून मलूल झाला तर बॅटरी उतरलेली, किंवा क्वचित सेल्फ वा इंजिनच जाम. आणि ‘टक’ झालं, तरी भिंतीवरचा उजेड तसूभर हलला नाही, तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही: सोलेनॉइडचे संपर्क जळालेत किंवा सेल्फमधले कार्बन झिजलेत. या शेवटच्या बाबतीत गॅलरीतलं निदान बरोबर ठरतं. उजेडही तसाच आणि ‘टक’सुद्धा नाही, तर आधी चावीचा स्विच, रिले आणि सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर बघायची.

काही शे रुपयांचा मल्टिमीटर असेल तर अंदाजाचीही गरज उरत नाही. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ दाखवत असेल तर ती जवळपास रिकामी आहे. सेल्फ मारताना आकडा ९.६च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर तो साधारण १३.८ ते १४.४च्या दरम्यान हवा. तिथे कमी पडला तर दोष चार्जिंगचा, म्हणजे सगळे ज्याला अजूनही डायनामो म्हणतात त्या अल्टरनेटरचा. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तरी ती आठवड्याभरात उतरते आणि मग बॅटरीवाल्याशी भांडण होतं.

जुन्या गाडीत सर्वांत कमी संशय जिच्यावर घेतला जातो ती म्हणजे अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किंवा बॉडीपर्यंत जाड तारेची पट्टी असते. वीस पावसाळे खाल्लेल्या गाडीत ती पट्टी बोल्टखाली हिरवी-पांढरी होऊन गेलेली असते. मग वीज परतीची वाट स्वतःच शोधते. एखाद्या जुन्या गाडीत सेल्फ मारताना क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागली तर नवल नाही: शंभर अँपिअरची वीज त्या बिचाऱ्या केबलमधून परत निघालेली असते. केबलचं आवरण वितळतं, क्लच जड होतो, मालक क्लचचं काम काढतो. तपासणी एका मिनिटाची आहे. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या कोऱ्या धातूला लावायचं आणि सेल्फ मारायचा. खणखणीत फिरला तर पट्टी बदलायची, सेल्फला हात लावायचा नाही.

हातोडीबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी बोलावं लागेल. ‘सेल्फला दोन ठोके दिले की गाडी घेते’ हे खोटं नाही. कार्बन झिजून आखूड झाले की स्प्रिंग त्यांना नीट दाबू शकत नाही. ठोक्याने ते क्षणभर आर्मेचरला टेकतात आणि मोटर फिरते. वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणीला निघालेल्या माणसाला त्या ठोक्याने घरी आणलं तर उपकारच. पण तो इलाज नसून निदान आहे: कार्बन संपले, उद्या बदला. शिवाय अलीकडच्या बऱ्याच सेल्फमध्ये कॉइलऐवजी चुंबक चिकटवलेले असतात. ते ठिसूळ असतात, जोराच्या ठोक्याने तडकतात, आणि कार्बनवर भागणारं काम पूर्ण सेल्फवर जातं.

घाटाची आणखी एक खोडी. सकाळी एका दमात घेणारी गाडी महाबळेश्वरला पोचून चहापुरती बंद केली, की घेत नाही. लोक म्हणतात, हवा थंड आहे. थंडीत बॅटरी मंदावते आणि ऑइल घट्ट होतं हे खरं, पण ती तक्रार पहाटेची. चढाहून आलेल्या गाडीत उलट उष्णतेचा दोष असतो. काही गाड्यांत सेल्फ सायलेन्सरच्या पाइपाजवळ असतो. गाडी थांबली की वारा थांबतो आणि ती सगळी धग त्याला बसते. तांबं साठ अंशांनी तापलं तर त्याचा विरोध जवळजवळ पावपट वाढतो. धडधाकट सेल्फ ते सोसतो, झिजलेला अडतो. अर्ध्या तासाने गार झाला की पुन्हा घेतो, आणि तेवढ्यात कुणीतरी पेट्रोल पंपावर संशय घेऊन मोकळा झालेला असतो.

चावी फिरवल्यावर नुसता ‘घुर्रर्र’ असा हलका आवाज येतो आणि इंजिन हलत नाही, तेव्हा ‘इंजिन जाम’ अशी भीती घातली जाते. इंजिन जाम असतं तर मोटर इतकी मोकळी फिरलीच नसती. इथे पिनियन फिरवणारं बेंडिक्स घसरतंय, किंवा रिंगचे दात गेलेत. दातांची झीज मजेशीर असते. इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबतं: चार सिलिंडरचं साधारण दोन जागी, मारुती ८००चं तीन सिलिंडरचं तीन जागी. पिनियन वर्षानुवर्षं त्याच दातांवर आदळतं. म्हणून अशी गाडी गिअरमध्ये टाकून वीतभर ढकलली की लगेच सेल्फ घेते. ‘धक्का मारल्यावर चालते’ असं मालक सांगतो. प्रत्यक्षात धक्क्याने फक्त कोरे दात समोर आणलेले असतात.

धक्कास्टार्टची खरी विद्या वडापवाल्यांकडे. सेल्फ दगावलेली जीप ते नेमकी उतारावर लावतात, प्रवासी भरले की ब्रेक सोडतात, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडतात आणि निघतात. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यांत्रिक असतो, त्यामुळे बॅटरी उतरली तरी जमतं. हाच प्रयोग इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीवर केला आणि बॅटरी अगदीच मेलेली असली, तर चार माणसांचा दम जातो एवढंच. तिथे पेट्रोल पंपालाही वीज लागते आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही. बंद गाडी उतारावर सोडताना ब्रेकला नेहमीची मदत नसते, पायाला पाटा लाथाडल्यासारखं वाटतं, हेही ठाऊक असलेलं बरं.

आणि सेल्फ झकास इंजिन फिरवतोय, तरी गाडी चालू होत नाही? मग सेल्फचा संबंध संपला. पेट्रोल, स्पार्क, डिझेलला हीटर प्लग; तिकडे बघा.

सांगलीला या यादीत एक जास्तीचा मुद्दा आहे, पुराचा. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं; धोक्याची पातळी ४५. दोन वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, पुन्हा पूर आला. पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी पाहिल्यावर पहिला मोह चावी फिरवायचा होतो: निदान सेल्फ तरी जिवंत आहे का बघू. या लेखातला सर्वांत महागडा गैरसमज हाच. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो, आणि मागून ढकलणाऱ्या जोरात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सेल्फ ‘टक’ करून थांबला तर नशीब. त्याने जोर लावला आणि इंजिनाने अर्धवट घेतलं तर नुकसान मोठं.

अशा गाडीत आधी बॅटरीची वायर सोडवतात. ऑइलची कांडी काढून बघतात. ते दुधाळ दिसलं तर पाणी आत आहे, ऑइल काढून टाकायचं. पेट्रोल गाडी असेल तर सगळे स्पार्क प्लग काढून क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवतात. भोकांतून कृष्णेचं गढूळ पाणी पिचकारीसारखं उडतं, ते उडायचं थांबेपर्यंत फिरवत राहायचं. सेल्फ इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो, त्यामुळे गाळ त्यात हमखास बसलेला असतो. तो यावेळी मात्र खरोखरच उतरवायचा, उघडायचा, धुऊन वाळवायचा आणि त्याचे बुश बघायचे. हे न करता बसवलेला सेल्फ दिवाळीपर्यंत चालतो, मग थंडीतल्या एका सकाळी ‘टक’ करतो.