आधी निगा, मग नवा भाग

कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ डोंगरातून उतरणारी एक कच्ची वाट आहे. साधारण दोन मैलांत ती तेराशे फूट खाली येते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी चार्ली केली आणि त्याच्या दोस्तांनी या वाटेवर सायकलींची शर्यत लावली. सायकली १९३०-४० च्या दशकांतल्या, जाड टायरच्या, वजनदार, बहुतेक श्विन कंपनीच्या. त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबच्या पोटात असायचा आणि पेडल उलटं दाबलं की लागायचा. एका उतारात हा हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे. पुन्हा उतरायचं तर हब उघडा, पुसा आणि नवं ग्रीस भरा. या ग्रीस भरण्यावरूनच शर्यतीला ‘रीपॅक’ नाव पडलं.

माउंटन बाइक घडली ती या पोरांच्या घरच्या गॅरेजात. हब जळतो म्हणून त्यांनी ड्रम ब्रेक बसवले. बोटांचा जोर पुरेना म्हणून मोटरसायकलचे लिव्हर लावले. चढावर सायकल ढकलत न्यावी लागते म्हणून चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरचे गिअर चढवले. जुन्या फ्रेमा या माराला पुरेनात, तेव्हा याच टोळीतल्या जो ब्रीझने १९७७ साली खास डोंगरासाठी नवी फ्रेम बांधायला घेतली. १९७९ मध्ये टोळीतला गॅरी फिशर आणि केली यांनी फ्रेम बांधणाऱ्या टॉम रिचीच्या फ्रेमांवर सायकली जोडून विकायला सुरुवात केली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ कारखान्यातून दुकानांत आली.

यातला प्रत्येक बदल कुठल्या तरी भागाने दगा दिल्यावर झाला. भाग उघडला, का हरला ते पाहिलं, मग दुसरा बसवला. आज आपल्याकडे हा क्रम उलटा झालेला दिसतो. दोन वर्षं चेन न पुसलेल्या सायकलवर नवा महागडा डिरेलर चढतो आणि महिन्याभरात तोही कुरकुरायला लागतो. माझं म्हणणं साधं आहे: सायकल आधी घरी सांभाळायला शिका. काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे त्यातून आपोआप कळत जातं.

या कामाला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही. पावसाळा नुकताच सरलेला असतो. घाटावरची काळी चिकट माती, कोकणातली तांबडी माती आणि बसाल्टचा बारीक चुरा सायकलच्या सांध्यासांध्यांत जाऊन बसलेला असतो. पुढचे चार महिने सह्याद्रीतल्या वाटा कोरड्या आणि चालवायला सुरेख असतात. त्याआधी एक दिवस सायकलला द्यायला हवा.

चेन: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात महत्त्वाची

चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या ताणत नाहीत. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची कड झिजते, तिथे अगदी किंचित फट पडते. शंभरावर सांध्यांतल्या या फटी मिळून चेन लांब होते. लांबलेली चेन दात्यांवर नीट बसत नाही, वर सरकून बसते आणि मग कॅसेटचे (मागच्या चकत्यांच्या संचाचे) आणि चेनरिंगचे (पेडलजवळच्या चकतीचे) दातेही आपल्या मापाने झिजवत नेते. कॅसेटची किंमत चेनच्या कितीतरी पट असते. म्हणून वेळेवर बदललेली चेन ही सायकलवरची सर्वांत मोठी बचत आहे.

नव्या चेनच्या दोन लगतच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. अशी २४ अंतरं धरली की बरोबर ३०४.८ मिलिमीटर भरतात. चेन ताठ धरून स्टीलच्या पट्टीने पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजा. ११ किंवा १२ गिअरची चेन ३०६.३ मिलिमीटरला पोचली, म्हणजे अर्धा टक्का लांबली, की बदला. १० किंवा त्याहून कमी गिअर असतील तर पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे साधारण ३०७ मिलिमीटरपर्यंत थांबता येतं. चेन गेज नावाचं छोटं साधन हेच काम दोन सेकंदांत करतं.

धुण्यासाठी डीग्रीझर मिळतो. रॉकेल किंवा डिझेलही आपल्याकडे सर्रास वापरतात. काहीही वापरा, पण नंतर चेन पूर्ण कोरडी होऊ द्या. आत द्रावक उरला तर तो नवं तेलही पातळ करून टाकतो. तेलाची गरज रोलरच्या आत असते. म्हणून खालच्या बाजूच्या चेनवर आतून, एकेका रोलरवर एकेक थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा, थोडा वेळ थांबा आणि मग बाहेरचं तेल फडक्याने खसखसून पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ ओढतं आणि तेलात भिजलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. कोरड्या ऋतूत ‘ड्राय’ तेल किंवा मेण, पावसात ‘वेट’ तेल. गंज सोडवायचे स्प्रे चेनला तेल म्हणून चालत नाहीत; ते पाहता पाहता उडून जातात.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: गाड्या धुण्याच्या पंपाचा जोरदार फवारा. तो हब, हेडसेट आणि बॉटम ब्रॅकेटच्या सिलांमधून पाणी आत घुसवतो आणि बेअरिंगांचं ग्रीस बाहेर काढतो. बादली, स्पंज आणि जुना ब्रश यांनी सायकल छान निघते.

गिअर: आधी हँगर पाहा

गिअर उड्या मारायला लागला की लोक डिरेलरच्या स्क्रूंना हात घालतात. त्याआधी मागे उभं राहून डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो हँगर बघा. सायकल त्या अंगावर पडली तर फ्रेमऐवजी तो वाकावा, अशीच त्याची योजना असते. वाकलेल्या हँगरवर कितीही जुळवाजुळव केली तरी गिअर बसत नाहीत. तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर घरात असू द्या. तो दुसऱ्या फ्रेमचा सहसा चालत नाही. स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये अनेक कंपन्यांच्या फ्रेमांना चालेल असा सामाईक हँगर आणल्यापासून हा त्रास काहीसा कमी झाला आहे.

हँगर सरळ असेल तर पुढचं काम सोपं आहे. एच आणि एल असे दोन स्क्रू फक्त सीमा ठरवतात: चेन बाहेर पडू नये आणि आत तारांमध्ये घुसू नये. मधल्या गिअरांची अचूकता केबलच्या ताणावर असते. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुचराई करत असेल तर केबलचा गोल अॅडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा, पाहा, पुन्हा पाव फेरा. उतरायला आळस करत असेल तर उलट दिशेला. एवढ्याने भागलं नाही तर केबल आणि तिचं बाहेरचं आवरण बदला. गिअरचं अर्धं दुखणं तिथेच असतं, आणि हा खर्च अगदी किरकोळ आहे.

ब्रेक: इथे घाई नको

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या बाबतीत एक नियम पक्का लक्षात ठेवा: ब्रेकवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलाच द्रव भरायचा. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं भरलं तर आतली रबरी सिलं फुगून ब्रेक निकामी होतात. डॉट फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारात ब्रेक ढिला पडतो. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यानंतर ते बदलणं शहाणपणाचं आहे.

पॅडचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की ते बदला. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ वर आला की कंपनीच तो काढायला सांगते. पॅड दोन जातींचे. रेझिनचे मऊ आणि आवाज कमी करणारे, पण चिखलात लवकर झिजणारे. धातूचे टिकाऊ, ओल्यात भरवशाचे, मात्र रोटर त्यांना चालणारा हवा. नवे पॅड बसवले की मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन वीसेक वेळा हळूहळू, पूर्ण न थांबता ब्रेक लावा; तेव्हा पॅड आणि रोटर एकमेकांना बसतात. चेनला तेल घालताना रोटरवर फडकं टाका. तेल प्यालेला पॅड सहसा पूर्ववत होत नाही. रोटर पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

फोर्क आणि टायर

पुढच्या चिमट्यात, म्हणजे फोर्कमध्ये, सस्पेन्शन बाजारात रुळलं ते १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीच्या आरएस-१ पासून. आजच्या हवेच्या फोर्कला घरी दोन गोष्टी द्यायच्या. पहिली, योग्य हवा. नेहमीच्या पोशाखात सायकलवर बसल्यावर फोर्क आपल्या एकूण प्रवासाच्या २० ते ३० टक्के दबला पाहिजे. दांड्यावरची रबरी रिंग हे माप दाखवते आणि हवा शॉक पंपाने कमीजास्त करता येते. दुसरी, वेळेवर सर्व्हिस. रॉकशॉक्स दर ५० तासांनी खालचे पाय उतरवून तेल आणि फोमच्या रिंगा ताज्या करायला सांगते. नीट वाचून, शांतपणे केलं तर हे काम घरी होतं. आतला, उसळी आवरणारा डॅम्पर मात्र तज्ज्ञाकडेच द्यावा.

टायरच्या बाबतीत आपल्या भूमीने उत्तर आधीच दिलं आहे. पठारावर बाभळीचे काटे सगळीकडे आहेत आणि ट्यूबवाल्या सायकलने हिंडणं म्हणजे सोबत पंक्चरचं सामान वागवणं. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आत द्रवरूप सीलंट फिरत असतं. काटा घुसला की ते भोकाशी जमून घट्ट होतं. काटा रस्त्यातच उपटला तरी बहुधा हवा टिकते. आपल्या उन्हात सीलंट लवकर आटतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी वॉल्व्हमधून थोडं भरत राहा. ट्यूबलेसचा दुसरा फायदा कमी हवेत चालवण्याचा. साधारण ७० किलोंच्या स्वाराने २.३ इंची टायरमध्ये २२ ते २६ पीएसआयपासून सुरुवात करून पाहावी. खडीवर पकड इतकी सुधारते की नवी सायकल घेतल्यासारखं वाटतं.

बदलायचं तर कशापासून

निगा राखायला लागलात की कुठे पैसे घालायचे ते कळतं. माझा क्रम असा: आधी टायर, मग ब्रेकचे पॅड आणि गरज असेल तर मोठा रोटर. त्यानंतर शरीर जिथे सायकलला भेटतं त्या जागा, म्हणजे ग्रिप, पेडल आणि सीट. मग गिअर. फोर्क सगळ्यात शेवटी. रोटर १६० वरून १८० मिलिमीटर करताना फोर्क तेवढा मोठा रोटर पेलतो का ते आधी तपासा. पॅड धरणाऱ्या कॅलिपरला अॅडॅप्टरही लागतो.

गिअरमध्ये मोठा बदल २०१२ साली झाला. स्रॅमने पुढे एकच चेनरिंग आणि मागे ११ चकत्या असा संच आणला. २०१६ मध्ये त्याच कंपनीने १२ चकत्या आणि १० ते ५० दाते दिले. २०१८ मध्ये शिमानोचा १० ते ५१ दात्यांचा संच आला. पुढचा डिरेलर, त्याची केबल आणि लिव्हर नाहीसे झाल्याने बिघडण्याजोग्या वस्तू कमी झाल्या, चेन पडणंही खूप कमी झालं. जुन्या तीन चेनरिंगच्या सायकलला हा बदल करता येतो, पण आधी मागचा हब पाहा. स्वस्त सायकलींना सहसा आट्यांवर चढवायचं फ्रीव्हील असतं. त्यावर कॅसेट बसतच नाही. कॅसेटच्या हबांतही प्रकार आहेत: शिमानोचा जुना एचजी, नवा मायक्रो स्प्लाइन आणि स्रॅमचा एक्सडी. दहा दात्यांची सर्वांत लहान चकती जुन्या एचजीवर मावत नाही. फोर्कच्या बाबतीतही हेच: फ्रेममधून वर हँडलकडे जाणारा दांडा सरळ की खाली जाड होत जाणारा, अॅक्सल कुठल्या मापाचा, चाक २६, २७.५ की २९ इंची, हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. सरळ दांड्याची जुनी फ्रेम आणि आजचे चांगले फोर्क यांचं जमणं कठीणच असतं. अशा सायकलवर फोर्कचा खर्च करण्यापेक्षा ते पैसे पुढच्या सायकलसाठी साठवावेत.

हत्यारं आणि हात

घरात ठेवायचं सामान थोडं आहे: ॲलन कीचा संच, टी-२५ टॉर्क्स, चेन तोडायचं साधन, गेज, टायर लिव्हर, उभा पंप, शॉक पंप आणि टॉर्क रेंच. टॉर्क रेंचला फाटा देऊ नका. हँडलबार धरणाऱ्या बोल्टला बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, पेडलला ३५, कॅसेटच्या रिंगेला ४० असा जोर लागतो. नेमका आकडा बहुतेक वेळा भागावरच छापलेला असतो. कार्बनच्या भागावर जास्तीचा पाव फेरा म्हणजे चीर. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते सोडवताना लक्षात ठेवा.

चाकाचा आऊट काढणं हे मात्र आपल्या गल्लीतल्या सायकलवाल्याचं काम. तारेच्या नुसत्या आवाजावरून तिचा ताण ओळखणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे जा, शेजारी उभं राहून बघा, विचारा, आणि त्यांच्या कसबाचा मोबदला घासाघीस न करता द्या. कुठला भाग कधी बदलला, कधी तेल घातलं, हे एका वहीत लिहीत जा. वर्षभरात ती वही सांगेल की तुमच्या वाटांवर काय सगळ्यात आधी झिजतं. पुढचा खर्च तिथेच करा.

या दिवाळीत सायकलसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर चेन गेज घ्या. एका दिवसात तुमच्या सायकलची खरी अवस्था कळेल आणि पुढचा प्रत्येक रुपया जाहिरात बघून नव्हे, तर माप घेऊन खर्च होईल.